रोमचे परीट



शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातले रोमन पुढाऱ्यांचे चित्र आपण कधी ना कधी पाहिलेले असते. सभागृह भरलेले आहे, सिसेरो बोलायला उभा आहे आणि सर्वांच्या अंगावर पायघोळ, शुभ्र वस्त्रे आहेत. काही वर्षांपूर्वी असेच एक चित्र वर्गात दाखवून मी रोमच्या सिनेटविषयी बोलत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एवढं पांढरं कापड धुवायचं कोण?" मुलगा परटाचा होता, हे वर्गाला ठाऊक होते. वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही. कारण प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला येत नव्हते. "पाहून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे जे वाचायला मिळाले ते आज आपल्यालाही सांगतो.

प्रथम ते वस्त्र. त्याला टोगा म्हणत. तो सुती नव्हे, लोकरीचा. अर्धवर्तुळाकार, पाच-सहा मीटर लांब आणि चांगलाच जड. निवडणुकीला उभा राहणारा माणूस तर त्यावर खडू चोळून तो अधिकच झगझगीत करी. अशा झगझगीत पांढऱ्या रंगाला लॅटिन भाषेत 'कांडिडुस' म्हणत. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या कानांवर पडणारा 'कँडिडेट' हा इंग्रजी शब्द तिथूनच आलेला आहे, बरं का!

आता लोकरीला घामाचा नि तेलाचा मळ बसला की तो साध्या पाण्याने निघत नाही. आणि कपड्यांना साबण लावण्याची रोममध्ये रीत नव्हती. साबण गॉल लोकांना, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या लोकांना, माहीत होता. पण प्लिनी हा रोमन ग्रंथकार त्याचा उपयोग सांगतो तो केस तांबूस करण्यासाठी! तेव्हा कपडे स्वच्छ करणारा एक स्वतंत्र धंदाच रोममध्ये उभा राहिला. त्या कारागिराला 'फुल्लो' म्हणत. मागावरून उतरलेले नवे कापड तयार करणे आणि वापरलेले कपडे धुणे, ही दोन्ही कामे तो करी.

हे आपल्याला कळले कसे? इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि इटलीतील पाँपेई हे शहर राखेखाली गाडले गेले. उत्खननात तिथे धुलाईचे कारखाने सापडले. त्यांतल्या एका कारखान्यातील खांबावर कामकऱ्यांची रंगीत चित्रे होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात ठेवलेली आहेत. त्या चित्रांवरून आणि हौदांच्या मांडणीवरून सारी रीत ध्यानात येते.

कामाला सुरुवात होई ती पायांनी. भिंतीलगत अरुंद कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यात एक पसरट पात्र. पात्रात पाणी आणि त्यात साठवलेले मूत्र किंवा विशिष्ट माती. कामकरी आत उभा राही, दोन्ही बाजूंच्या बुटक्या भिंतींवर हात टेकी आणि कपडे तुडवीत राही. सेनेका या तत्त्वज्ञाने एका पत्रात व्यायामाचे प्रकार सांगितले आहेत; त्यांत ह्या परटांच्या उडीचाही उल्लेख आहे. सेनेकाला तो व्यायाम वाटला, पण ज्याला दिवसभर तेच करायचे त्याच्या पिंढऱ्यांना विचारा!

मूत्राचे नाव निघताच नाक मुरडू नका. सकाळी गोठ्यात शिरताना नाकाला झोंबतो तो वास, किंवा कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर घासतो तेव्हा सुटतो तो वास, हा अमोनिया वायूचा. मूत्र काही दिवस साठवले की त्यातील युरियापासून सूक्ष्म जंतूंमुळे अमोनिया तयार होतो. पाण्यात मिसळलेला हा अमोनिया क्षाराचे काम करतो आणि तेलकट मळ सुटा करतो. आपण कपड्यांना धुण्याचा सोडा लावतो, त्यातले तत्त्वही हेच.

आणि ती माती? आपल्या ओळखीचीच. आपल्याकडे मुलतानी माती म्हणून मिळते ती याच जातीची. चरबी शोषून घेणे हा तिचा गुण. इंग्रजीत तिला 'फुलर्स अर्थ', म्हणजे फुलरची माती, असे म्हणतात. आणि 'फुलर' हे नाव थेट रोमन 'फुल्लो'शी नाते सांगते. कोणत्या कापडाला कोणती माती केव्हा लावायची, याबद्दल रोममध्ये इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात चक्क एक कायदाही झाला होता. प्लिनीने त्याची माहिती नोंदवून ठेवली आहे.

तुडवून झाले की कपडे हौदांत खळबळून काढीत. हौद एकमेकांना जोडलेले असत, त्यामुळे पाणी एकातून दुसऱ्यात वाहत राही. मग कपडा दांडीवर टाकून कुंच्याने लोकरीची लव वर काढीत. पांढरा कपडा असेल तर त्याला गंधकाची धुरी देत. वेताचा, पिंजऱ्यासारखा सांगाडा घ्यायचा, त्यावर कपडा पसरायचा आणि खाली गंधक जाळायचा. गंधकाच्या धुराने लोकरीचा पिवळेपणा जातो. शेवटी मोठ्या लाकडी दाबयंत्रात, मळसूत्र पिळून, कपड्याला घडी बसवीत.

ह्या धुरीची एक गोष्ट एपुलियसच्या कादंबरीत आहे. परटाची बायको आपल्या मित्राला त्या सांगाड्याखाली लपवते. गंधकाने त्याला शिंकांवर शिंका येतात आणि तो पकडला जातो. वाचताना हसू येते. पण ज्याने रोज त्याच धुरात श्वास घ्यायचा, त्याच्या छातीचे काय होत असेल, याचा विचार कथाकाराने केलेला नाही. या कामकऱ्यांत गुलाम होते, मुक्त केलेले गुलाम होते आणि स्वतंत्र कारागीरही होते. पाँपेईच्या त्या चित्रांत कापड हाताळणाऱ्या बायकाही दिसतात.

राज्याला मात्र या घाणीतला पैसा बरोबर दिसला. सम्राट व्हेस्पासियन (इ.स. ६९ ते ७९) याने मूत्रावर कर बसवला. त्याचा मुलगा टायटस याला ती गोष्ट रुचली नाही. तेव्हा बापाने करातून आलेले नाणे त्याच्या नाकाशी धरले आणि याला वास येतो का, म्हणून विचारले. मुलगा नाही म्हणाला. बाप म्हणाला, अरे, हे त्यातूनच आले आहे! सुएटोनियस या चरित्रकाराने ही हकिकत दिली आहे.

पैशाला वास नसेल, पण माणसाला लोक नावे ठेवीतच. तरी हे कारागीर दबून राहिलेले दिसत नाहीत. मिनर्व्हा ही कारागिरांची देवता. मार्च महिन्यातला तिचा सण हे लोक थाटाने साजरा करीत. तिचा पक्षी घुबड. नेपल्सच्या त्या चित्रात धुरीच्या सांगाड्यावर ते ऐटीत बसलेले आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही त्यांचे काम जबाबदारीचे होते. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा कायदेपंडित उल्पियन सांगतो की, धुवायला दिलेला कपडा उंदरांनी कुरतडला, तर भरपाई परटाने द्यायची. कारण राखण त्याची होती. एकाचा कपडा दुसऱ्याला गेला, तर ती चूक नकळत झाली असली तरी जबाबदार तोच.

पण हाच कायदा त्यांच्याही कामी आला. रोममध्ये हर्क्युलिस देवाला वाहिलेली एक जागा परीट वापरीत. अधिकाऱ्यांनी तिचे भाडे मागितले. परटांच्या संघाने दावा लढवला. न्यायाधीशाने जागेची पाहणी केली आणि निर्णय दिला की, ऑगस्टस सम्राटाच्या काळापासून इथे कोणी भाडे दिलेले नाही, तर ते आता घेता येणार नाही. प्रकरण पुन्हा पुन्हा उकरले गेले. एकामागून एक तीन न्यायाधीशांनी परटांच्या बाजूने निकाल दिला. इ.स. २४४ मध्ये, सुमारे अठरा वर्षांनी, वाद मिटला. परटांनी सारी हकिकत दगडावर कोरून ठेवली, म्हणून तर ती आपल्याला आज कळते.

पुढच्या तासाला मी हे वर्गाला सांगितले. त्या मुलाने आणखी एक प्रश्न विचारला: "मजुरी काय मिळायची, सर?" या खेपेला मी तयार होतो. म्हटले, "इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने भावांचे एक फर्मान काढले. त्यात परटाचे दर लिहिलेले आहेत, दर कपड्यागणिक वेगळे." मुलाने मान डोलावली. वर्ग त्या दिवशी हसला नाही.

माझ्या शिक्षक बंधु-भगिनींना एवढेच सांगायचे आहे की, सिनेटचे ते चित्र वर्गात दाखवाल तेव्हा चित्राबाहेर पात्रात उभा असलेल्या त्या माणसाविषयीही दोन शब्द बोला. बहुधा कोणीतरी मागच्या बाकावरून त्याचीच वाट पाहत असेल.