बीडकरांच्या वाट्याला सोळा-सोळा अंक

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25,85,049 भरली. आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या या सगळ्यांत, तान्ह्या बाळांसकट, वाटली तर एकेकाला जवळपास 16 अंक येतील. भास्कराचार्यांचं विज्जलविड म्हणजे बीडच, असं काही अभ्यासक मानतात. त्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धाशी थांबतात, परार्ध 18 अंकी. म्हणजे एकट्या बीडकराचा वाटाच अंकांच्या लांबीने परार्धाच्या जवळपास, आणि असे पंचवीस लाखांहून जास्त वाटे ओळीने जोडल्यावर कुठे ती एक संख्या पुरी होते!

2 चा 13,62,79,841 वा घात, वजा 1. लिहायला एवढंच. उलगडून मांडली की 4,10,24,320 अंक. सेकंदाला एक अंक अशी रात्रंदिवस वाचली तरी 475 दिवस लागतील.

ती सापडली ऑक्टोबर 2024 मध्ये. संशोधक लूक ड्युरँट यांनी 17 देशांतले हजारो ग्राफिक्स प्रोसेसर कामाला लावले होते. डब्लिनमधल्या एका प्रोसेसरने 11 तारखेला इशारा दिला, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या दुसऱ्याने खात्री केली. ड्युरँट ज्यात सामील होते तो ‘गिम्प्स’ हा मूळ संख्यांचा शोधप्रकल्प 1996 पासून साध्या संगणकांवर विक्रम करत आला होता. ग्राफिक्स प्रोसेसरने केलेला हा त्याचा पहिलाच विक्रम.

खात्रीची कसोटी शाळकरी पोरालाही कळेल. 4 घ्या, वर्ग करा, 2 वजा करा, त्या प्रचंड संख्येने भागून बाकी ठेवा. बाकीचा पुन्हा वर्ग. असं 13,62,79,839 वेळा. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ. पण शाळेतल्या रीतीने चार कोटी अंकांचा एकच वर्ग करायचा तर सुमारे 1,680 लाख कोटी एकअंकी गुणाकार होतात! म्हणून जलद फूरिए रूपांतराची रीत वापरतात. तिच्यात एकाच जातीची असंख्य छोटी गणितं एकदम करता येतात, आणि खेळांची चित्रं रंगवण्यासाठी जन्मलेला हा प्रोसेसर नेमका त्याच कामात तरबेज. डब्लिनच्या ‘ए100’ प्रोसेसरमध्ये अशी गणितं करणारे 6,912 गणनघटक आहेत. मला या शोधातली ही रीत आणि प्रोसेसरची जोडी सर्वांत सुंदर वाटते.

दहा कोटी अंकी मूळ संख्येसाठी दीड लाख डॉलरचं बक्षीस जाहीर आहे. ‘गिम्प्स’चे प्रोग्राम फुकट मिळतात. बीड-अंबाजोगाईच्या मुलांनो, घरी गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असेल तर रात्री त्याला या कामाला लावा.