अ‍ॅप विकलं जातं तेव्हा नेमकं काय विकलं जातं?

मोठ्या कंपनीनं एखादं छोटं अ‍ॅप विकत घेतल्याची बातमी आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काही जण म्हणतात, आता याला चांगले दिवस येणार. बाकीचे म्हणतात, संपलं, आता हे बंद पाडणार. कंपनीनं पैसे मोजले ते अ‍ॅपसाठीच, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘बंद पाडायलाच घेतात’

वंडरलिस्टचं उदाहरण या समजाच्या बाजूनं हमखास दिलं जातं. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीचं हे कामांच्या याद्या करण्याचं अ‍ॅप. वाणसामानाची यादी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी दिसावी, एकानं ‘साखर’वर खूण केली की दुसऱ्यानं ती पुन्हा आणू नये, इतकी साधी सोय, पण ती फार देखणी होती. जून 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते घेतलं, तेव्हा वापरणारे एक कोटीच्या वर होते. एप्रिल 2017 मध्ये त्याच चमूनं बांधलेलं ‘टू डू’ आलं. 6 मे 2020 ला वंडरलिस्ट बंद झालं.

वरून पाहता हा खून वाटतो. पण मायक्रोसॉफ्टला स्पर्धक संपवायचा असता, तर पाच वर्षं कशाला लागली असती? अडचण वेगळीच होती. वंडरलिस्टचा मागचा सगळा डोलारा अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरांवर उभा होता आणि मायक्रोसॉफ्टला तो स्वतःच्या अ‍ॅझूर या सर्व्हरसेवेवर हवा होता. हे स्थलांतर अपेक्षेपेक्षा फार अवघड निघालं, असं संस्थापक ख्रिश्चन रेबर यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं. शेवटी सगळं नव्यानं लिहिणं सोपं ठरलं. मोठ्या कंपनीकडे हजारो अभियंते आहेत, ती हे चुटकीसरशी करेल, असं बाहेरून वाटतं. आत मात्र आपलेच सर्व्हर, आपलीच लॉगिन पद्धत, आपलेच सुरक्षेचे नियम असतात, आणि पाहुण्या अ‍ॅपला त्या सगळ्यांत बसवावं लागतं. या काळात जुन्या अ‍ॅपमध्ये नवं काही येत नाही आणि नव्यात जुन्यातलं सगळं नसतं. ‘टू डू’ आलं तेव्हा त्यात याद्या दुसऱ्यांबरोबर वाटून घेण्याची सोयच नव्हती! ज्यासाठी लोक वंडरलिस्टवर आले होते, नेमकं तेच.

गूगल, अ‍ॅमेझॉन, फेसबुक, अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 2015 ते 2017 या काळात केलेल्या 175 खरेद्या दोन अर्थतज्ज्ञांनी तपासल्या. बहुतेक उत्पादनं मूळ नावानं पुढे चालू राहिली नव्हती. पण स्पर्धकाचा काटा काढण्यासाठीच घेतलं, असा संशय घेण्याजोगी खरेदी त्यांना जेमतेम एक सापडली. पुण्यात जुना वाडा विकत घेणाऱ्याचा डोळा लाकडी जिन्यावर नसतो, जागेवर असतो. तसंच काहीसं इथं होतं. हवी असतात ती माणसं, तंत्र किंवा वापरणाऱ्यांची संख्या.

‘एवढे पैसे ओतले म्हणजे चालवतीलच’

सनराइज हे कॅलेंडरचं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी 2015 मध्ये घेतलं. बातम्यांनुसार किंमत निदान दहा कोटी डॉलर. दीड वर्षात त्यानं गाशा गुंडाळला. अकॉम्प्ली या ईमेल अ‍ॅपची कथा उलटी: डिसेंबर 2014 मध्ये खरेदी, आणि दोन महिन्यांच्या आत तेच अ‍ॅप फोनवरचं ‘आउटलुक’ म्हणून बाजारात. आज फोनवर आउटलुक उघडणाऱ्यांपैकी किती जणांना अकॉम्प्ली हे नाव माहीत असेल? अ‍ॅपलनं 2017 मध्ये घेतलेलं वर्कफ्लो असंच ‘शॉर्टकट्स’ होऊन जगलं. नाव मेलं, अ‍ॅप टिकलं. त्यामुळे किंमत किती, यापेक्षा घेणाऱ्याकडे त्याच कामाचं स्वतःचं काही आधीच आहे का, हे पाहावं. नसेल किंवा असलेलं टाकाऊ असेल, तर जगण्याची शक्यता बरी.

‘फुकट अ‍ॅप असंच जातं, पैसे भरलेलं राहतं’

डार्क स्काय हे हवामानाचं अ‍ॅप आयफोनवर सुमारे चार डॉलरला विकत मिळायचं. अ‍ॅपलनं मार्च 2020 मध्ये ते घेतलं. त्याच वर्षी अँड्रॉइडवरचं बंद झालं, 1 जानेवारी 2023 ला आयफोनवरचंही. पैसे भरणं म्हणजे वापरण्याची परवानगी विकत घेणं. अ‍ॅप जिवंत ठेवण्याची हमी त्यात नसते.

‘संस्थापकांनी शब्द दिलाय’

त्यांचा शब्द बहुधा खराच असतो. पाळण्याचा अधिकार मात्र विक्रीबरोबर गेलेला असतो. रेबर यांनी सप्टेंबर 2019 मध्ये वंडरलिस्ट परत विकत घेण्याची तयारी जाहीरपणे दाखवली, तरीही ते मिळालं नाही. व्हॉट्सअ‍ॅप 2014 मध्ये फेसबुकनं 19 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं तेव्हा काहीही बदलणार नाही असं सांगितलं गेलं. दोन्ही कंपन्यांची खाती आपोआप जोडता येणार नाहीत, असं फेसबुकनं युरोपीय आयोगालाही कळवलं होतं. 2016 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं माहिती फेसबुकला देण्याची वाट मोकळी केली, आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल आयोगानं 2017 मध्ये फेसबुकला अकरा कोटी युरो दंड केला. व्हॉट्सअ‍ॅपचे दोन्ही संस्थापक 2018 पर्यंत बाहेर पडले. माझ्या मते वापरणाऱ्यानं सर्वांत सावध व्हावं ते इथं. बंद पडलेल्या अ‍ॅपमधून आपण याद्या उचलून दुसरीकडे जातो. चालू राहिलेल्या अ‍ॅपच्या अटी मात्र आपल्या हाताखालून बदलतात आणि आपण ‘मान्य’वर बोट ठेवतो.

‘चांगलं कधी होतच नाही’

होतं की. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्जचं अ‍ॅप. मोबाइल टॉवरच्या आधारानं, नेट आणि जीपीएस नसतानाही गाडी कुठे आहे ते सांगणारं. गूगलनं डिसेंबर 2018 मध्ये कंपनी घेतली. अ‍ॅप त्याच नावानं आजही चालू आहे.

‘सरकार असे व्यवहार अडवेल’

भारतात स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते का, हे बराच काळ कंपनीची मालमत्ता आणि उलाढाल यांवर ठरायचं. वापरणारे कोट्यवधी पण कमाई नगण्य अशी अ‍ॅपं त्या चाळणीतून निसटायची. 10 सप्टेंबर 2024 पासून व्यवहाराच्या किमतीचीही अट आली: भारतात कंपनीचा भरीव कारभार असेल आणि सौदा 2000 कोटी रुपयांवरचा असेल, तर आधी आयोगाकडे जावं लागतं. ‘व्हेअर इज माय ट्रेन’च्या वेळी बातम्यांत आलेला आकडा तीनशे कोटींच्या आसपास होता. म्हणजे तसा सौदा आज झाला, तर या नव्या अटीतही तो अडकणार नाही.