काळं पान आणि धुराचा न्याय

भोर-वेल्ह्याकडं आंब्याचं, पेरूचं पान काळं पडलं की आपण म्हणतो, बुरशी आली; आणि बुरशीनाशक मारतो. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. आपण इथं धूरच विझवायला निघतो! ही काळी बुरशी वाढते चिकट, गोड स्रावावर. तो टाकणारा कोण? खवले कीड असेल, पिठ्या ढेकूण असेल, आंब्यावर तुडतुडेही असतील. म्हणून आधी पान उलटून पाहायचं. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर संशय बळावतो. गोडासाठी त्या किडीची राखण करतात, मित्रकीटकांना हुसकावतात. खोडाला चिकट पट्टा बांधावा. (लाक्षागृहातली लाखही याच कुळातल्या किड्याची बरं का; तिथं आपण त्याला कीड म्हणत नाही.)

वाढलेल्या खवल्यावर मेणाचं कवच असतं, औषध आत पोचत नाही. पिल्लं रांगत असतात तेवढ्या दिवसांत ५ टक्के निंबोळी अर्क लागू पडतो. जहाल औषधानं मरतात ते कीड खाणारेच.

पपईचं बघा. २००८ साली कोइंबतूरला पपईवर नवा पिठ्या ढेकूण सापडला, पुढे महाराष्ट्रातही आला. फवारण्यांना तो दाद देईना. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस नावाचा इवलासा परजीवी कीटक आणून सोडला, त्यानं तो आटोक्यात आणला.

आपल्याकडंही असे परजीवी असतात. खवल्यावर बारीक गोल भोक दिसलं, तर त्यातून परजीवी बाहेर पडलाय असं समजावं. त्या फांदीवर पंप चालवू नये.