पैठणचा दगड, रोमची अंगठी

पनवेलच्या परिसरात दख्खनच्या लाव्ह्याचे थर आडवे नाहीत, ते समुद्राच्या बाजूला झुकलेले आहेत. भूगर्भशास्त्रात या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ असंच नाव आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसून गारगोटी, अकीक, सुलेमानी तयार झाले. याच लाव्ह्यावर वसलेल्या मराठवाड्यात नांगराच्या फाळाला लागणारे हे पट्ट्यापट्ट्यांचे दगड एकेकाळी रोमच्या बड्या लोकांच्या बोटांत मिरवत होते.

मुद्रेच्या अंगठीत आकृती आत खोदतात, कारण तिचा ठसा उमटवायचा असतो. कॅमिओमध्ये आकृती वर उठते. दगडाला तीन थर असले तर वरच्या तपकिरी थरातून केस आणि पानांचा मुकुट काढायचा, मधल्या पांढऱ्यातून चेहरा, आणि खालचा काळसर थर पार्श्वभूमीला सोडायचा. नखाएवढ्या दगडात गालाचा उंचवटा जरा जास्त घासला गेला की खालचा काळा रंग वर येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फिरत्या हत्याराच्या टोकाला कुरुंदाची पूड लावून हे काम चाले. लोखंडात बसवलेल्या हिऱ्याच्या कणीचाही उल्लेख रोमन लेखक प्लिनी करतो. थकलेल्या डोळ्यांना विसावा म्हणून हे कारागीर पाचूकडे पाहत, हेही त्यानंच नोंदवलं आहे.

हा दगड रोमला पोचला कसा? इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात उत्तर आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण; तिथून धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून सुलेमानी दगड भडोचला येई. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून कापड येई. पनवेलच्या शेजारच्या कल्याणचं नावही पेरिप्लसमध्ये आहे. मात्र त्या काळी कल्याणचा व्यापार अडवला जात होता. चुकून आलेलं ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेत. तरीही कोकणाच्या या पट्ट्यातला यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, वावर खोटा नव्हे: बोरघाटावरच्या कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही वाचता येतात.

संग्राहकांची हौसही तितकीच जुनी. मिथ्रिडेटीस राजाचा रत्नसंग्रह रोमन सेनापती पाँपेनं जिंकून रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर अर्पण केला, आणि सीझरनं व्हीनसच्या देवळात सहा संग्रह ठेवले. पुढे लोरेन्झो दे मेदिचीनं ‘ताझ्झा फार्नेझे’ हे कोरीव पात्र मिळवलं. रशियाच्या कॅथरीननं 1787 साली ड्यूक ऑफ ऑर्लिअन्सचा आख्खा संग्रहच विकत घेतला. इंग्लंडमधला मार्लबरो संग्रह 1899 च्या लिलावात पांगला. या घराण्यांचा इतिहास पानोपानी लिहिला गेला. कोणती अंगठी कुणाकडून कुणाकडे गेली, याच्या याद्या झाल्या. दगडाच्या वाट्याला मात्र बहुधा ‘सार्डोनिक्स’ (तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा सुलेमानी) एवढा एकच शब्द येतो. मला ही मोठी उणीव वाटते. रोमनांना अरबी सार्डोनिक्सही ठाऊक होता, त्यामुळे प्रत्येक अंगठीवर दख्खनचा दावा सांगता येणार नाही. पण पेरिप्लसमध्ये पैठणचं नाव इतकं स्पष्ट असताना या इतिहासाची सुरुवात लिलावघरापासून का व्हावी? भडोचच्या वाटेवरच्या बैलगाड्यांना त्यात पहिलं पान मिळायला हवं.

कॅमिओ कोरण्याची कला पुढे मुघल दरबारात, म्हणजे इकडेही रुजली. 1630-40 च्या सुमारास कोरलेला शाहजहानचा कॅमिओ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

प्लिनीची आणखी एक नोंद मला या सगळ्या संग्रहांपेक्षा मोलाची वाटते. भारतात हे दगड ओढ्यांच्या लोंढ्यांनी उघडे पडतात, आणि तिथली सामान्य माणसं ते भोक पाडून गळ्यात घालतात, असं तो लिहितो. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातले मणी मांडलेले आहेत. प्लिनी ज्यांच्याविषयी लिहितो, त्या माणसांचे दागिने पाहायचे तर तेरलाच जायला हवं.