बर्फावरची पावले शिकावी लागतात

डिसेंबर उजाडला की मुंबई, पुणे, नाशिकहून उत्तराखंडाकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये मोठाल्या सॅक दिसू लागतात. उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकंठा, चमोली जिल्ह्यातला ब्रह्मताल अशा हिवाळी ट्रेकना जाणाऱ्यांत मराठी मंडळी भरपूर असतात. यातल्या बहुतेकांचे पाय सह्याद्रीत तयार झालेले असतात. कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड त्यांनी कित्येकदा केलेले असतात. दम असतो, हौस असते आणि डोंगराची भीतीही गेलेली असते. मात्र ज्या जमिनीवर हे सगळे शिकले, ती कातळाची आणि मुरमाची असते. बर्फ ही वेगळीच जमीन आहे. तिच्यावरची चाल, कपडे, खाणे-पिणे आणि मागे फिरण्याची वेळ हे सगळे नव्याने शिकावे लागते. जाणकार गाईडबरोबर पहिले दोन दिवस घालवले, तर हा बदल लवकर अंगवळणी पडतो.

थंडी बाहेरून, घाम आतून

समुद्रसपाटीपासून वर जाताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. केदारकंठ्याच्या पायथ्याचे सांकरी गाव सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि शिखर सुमारे ३,८०० मीटरवर. म्हणजे गावात शून्य अंश असेल, तर माथ्यावर उणे १२च्या आसपास. त्यात वारा आला की हिशेब आणखी बिघडतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला तो गारठा उणे २०सारखा जाणवतो. अंगालगत तयार झालेला उबदार हवेचा थर वारा सतत उडवून नेतो, म्हणून हे होते.

तरीही गाईड पहिल्या सकाळी सांगतो ते ऐकून नवख्यांना आश्चर्य वाटते. तो म्हणतो, ‘जॅकेट काढा आणि मग चाला.’ चढताना शरीर भरपूर उष्णता तयार करते. जाड जॅकेट घालून चढले तर आतले कपडे घामाने भिजतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे विसाव्याला बसताच तोच घाम अंग गार करू लागतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटांत चालण्याने ती जाते, हा साधा नियम आहे. सुती बनियन आणि जीन्स इथे शत्रू ठरतात, कारण सूत पाणी धरून ठेवते. घाम बाहेर टाकणारा आतला थर, ऊब धरणारा मधला थर आणि वारा अडवणारा बाहेरचा थर हवा. थांबल्याबरोबर जॅकेट चढवायचे आणि निघताना पुन्हा काढायचे. कंटाळवाणे असले तरी हे कौशल्यच आहे.

मोज्यांबाबतही अशीच गफलत होते. तीन-तीन मोजे कोंबल्याने बूट घट्ट होतो, रक्तप्रवाह कमी होतो आणि बोटे जास्त गारठतात. एक जाड लोकरी मोजा आणि बोटे हलवता येतील एवढी जागा पुरते. बोट बधिर आणि पांढरट झाले, तर ती हिमदंशाची सुरुवात असू शकते. अशा वेळी बर्फ चोळणे ही जुनी समजूत घातक आहे. त्याने गोठलेल्या पेशी आणखी फाटतात. हात काखेत धरून ऊब द्यावी आणि बोट पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर ते पूर्ण वितळवण्याची घाई करू नये.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्याची पहिली लक्षणे सोबत्यांनाच आधी दिसतात. माणूस अडखळू लागतो, जीभ जड होते, साधी चेन लावता येत नाही, कारण नसताना चिडचिड होते. थरथर कापणारा माणूस अचानक कापायचा थांबला आणि तरीही गारच असला, तर ते बरे झाल्याचे लक्षण नाही. शरीराची झुंज संपत आल्याची ती खूण असते. म्हणूनच चांगला गाईड चालताना गप्पा मारत राहतो. उत्तर कसे येते, याकडे त्याचे लक्ष असते.

पाऊल कसे टाकायचे?

सह्याद्रीतल्या घसाऱ्यावरून उतरताना आपण नकळत मागे झुकतो, वेळ पडली तर बसून घसरतो. बर्फावर हीच सवय पाडते. वजन मागे गेले की बुटाचा तळ बर्फाला धरत नाही. उतरताना शरीर पावलांच्या वर ठेवायचे, गुडघे किंचित सैल सोडायचे आणि टाच ठामपणे बर्फात रोवायची. चढताना बुटाच्या टोकाने ठोकर मारून पायरी करायची. पुढच्याने केलेल्या पायऱ्यांत मागच्यांनी पाय ठेवायचे, म्हणजे दम वाचतो. पावले लहान हवीत. प्रत्येक पावलाला मागचा पाय क्षणभर सरळ करून वजन हाडांवर सोडले, तर मांडीच्या स्नायूंना तेवढीच विश्रांती मिळते.

बर्फ दिवसभर एकसारखा नसतो. पहाटे तो टणक, जागोजागी काचेसारखा असतो. दुपारी उन्हाने भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. शिखराच्या दिवशी पहाटे तीनला उठवण्याचे हेही एक कारण आहे. घट्ट बर्फावर चढायचे आणि तो फार मऊ होण्याआधी उतरायचे. अशा टणक बर्फावर बुटाला साखळीचे मायक्रोस्पाइक लागतात. उतार अधिक तीव्र असेल, तर लांब दात्यांचे क्रॅम्पॉन लागतात. क्रॅम्पॉन घातल्यावर दोन पायांत थोडे अंतर ठेवून चालावे लागते, नाहीतर दाते दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात.

आइस अ‍ॅक्स हातात का?

गिर्यारोहणाच्या वर्गात सगळ्यांना आवडणारा धडा म्हणजे घसरताना स्वतःला थांबवणे. तळाशी सपाट, दगडविरहित मैदान असलेला उतार निवडून गाईड मुद्दाम घसरायला लावतो. आधी पोटावर, मग पाठीवर, शेवटी डोके खाली करून. अ‍ॅक्स छातीशी घट्ट धरायची, टोकाच्या बाजूने पालथे व्हायचे आणि अंगाचा भार तिच्यावर टाकायचा. पायात क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलायचे, कारण वेगात दाते रुतले तर घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो. क्रॅम्पॉन नसतील तर बुटाची टोके रोवायची.

हे सगळे पहिल्या एक-दोन सेकंदांत करावे लागते. टणक उतारावर वेग इतका झपाट्याने वाढतो की उशिरा केलेला प्रयत्न बहुधा फसतो. विचार करून हे जमत नाही, हाताला सवयच लागते. त्यामुळे ते वाचून येत नाही, वीस-पंचवीस वेळा घसरूनच येते. त्याच वर्गात दुसरी गोष्टही शिकवली जाते आणि ती अधिक मोलाची आहे. अ‍ॅक्स चढाच्या बाजूच्या हातात धरून दर पावलाला दांडा बर्फात रोवत जायचे, म्हणजे घसरण सुरू होण्याआधीच अडते.

उतार वाचणे

हिमस्खलन फक्त एव्हरेस्टसारख्या शिखरांवर होते, हा गैरसमज आहे. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे ट्रेकरला चढण्याजोग्या वाटणाऱ्या उतारांवरच. जुन्या थरावर नवा थर नीट चिकटला नसेल, तर माणसाच्या वजनाने मधला कच्चा थर कोसळतो आणि वरचा पत्रा सरकतो. माणसे सापडतात त्या बहुसंख्य हिमस्खलनांना त्यांच्यापैकीच कुणाचे तरी पाऊल कारणीभूत ठरते.

ताजी मोठी बर्फवृष्टी, वाऱ्याने एका बाजूला साचलेला बर्फ, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज, पावलांपासून पसरणाऱ्या भेगा, अचानक वाढलेले ऊन या धोक्याच्या खुणा आहेत. बर्फ थांबला की तो सिमेंटसारखा घट्ट होतो आणि गाडलेल्या माणसाला हलताही येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात. त्यानंतर गुदमरल्यामुळे ही शक्यता वेगाने घसरते. बाहेरून मदत यायला तास लागतात, म्हणून सुटका सोबत्यांनीच करायची असते. त्यासाठी संदेश देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे ही तीन साधने लागतात आणि ती वापरण्याचा सरावही लागतो.

प्रशिक्षणाने धोका शून्य होत नाही, हेही ठाऊक असावे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा–२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर असताना हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्यांत अनुभवी प्रशिक्षकही होते.

उंचीचा हिशेब

अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. तरुण आणि तंदुरुस्त माणसालाही तो सोडत नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो म्हणून अडकतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, अशी वैद्यकीय शिफारस आहे. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे अशी लक्षणे असतील तर आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे किंवा सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालता न येणे ही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचत असल्याची चिन्हे असू शकतात. मग सकाळची वाट न पाहता सोबतीने खाली उतरणे हाच मुख्य उपचार. गोळ्या घ्यायच्या की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी तर तपासणी केल्याशिवाय निघूच नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो आणि गार कोरड्या हवेने दम्याचा झटका येऊ शकतो.

थंडीत तहान लागत नाही, पण श्वासावाटे पाणी जातच राहते. तहान भागवायला बर्फ खाणे महागात पडते. एक लिटर पाण्याएवढा बर्फ वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला सुमारे ११७ किलोकॅलरी खर्च होतात आणि गारठलेल्या शरीराला ती उधळपट्टी परवडत नाही. त्यापेक्षा थर्मासमध्ये कोमट पाणी आणि खिशात चिक्की, खजूर, डिंकाचा लाडू ठेवावा आणि थोडे-थोडे खात राहावे. गॉगल ढगाळ हवेतही काढू नये. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना काही तासांनी सुरू होते, तोवर इजा झालेली असते.

गाईड कशासाठी?

वाट दाखवायला मोबाइलचा नकाशाही पुरतो. गाईड लागतो तो निर्णयासाठी. सांकरीसारख्या गावातला माणूस कालच्या वाऱ्याने बर्फ कुठे साचला असेल, हे सांगू शकतो. शिकणाऱ्याने त्याला प्रत्येक वळणावर विचारावे, ‘भैया, इथून का, तिथून का नाही?’ त्याच्या मागे नुसते चालत गेले तर शिखर मिळते, पण कौशल्य मिळत नाही.

ज्यांना यात पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी दार्जिलिंगची १९५४ साली स्थापन झालेली हिमालयन गिर्यारोहण संस्था, उत्तरकाशीची नेहरू संस्था आणि मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था येथे सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स असतो. केवळ ट्रेक करणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला काही प्रश्न विचारावेत. गाईडने कोणता कोर्स केला आहे? त्याला प्रथमोपचार येतात का? एका गाईडमागे किती माणसे? ऑक्सिजन सोबत आहे का? बर्फावरच्या सरावाला वेगळा वेळ ठेवला आहे का? आणि शिखराच्या दिवशी मागे फिरण्याची वेळ कोणती ठरवली आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात जास्त ऐकण्यासारखे असते. ‘ती वेळ झाली की शिखर शंभर पावलांवर असले तरी मागे फिरू’ असे जो सांगतो, त्याच्याबरोबर जावे. ‘शिखर नक्की होणारच’ अशी हमी देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.