पिक्चरमध्ये पाणबुडी दाखवली, पण गाझीच्या समोर खरी होती २९ वर्षांची म्हातारी ‘राजपूत’

२०१७ साली ‘द गाझी अटॅक’ पिक्चर आला. त्यात भारताची पाणबुडी समुद्राखाली पाकिस्तानच्या पीएनएस गाझीशी लढते आणि तिला बुडवते. खऱ्या गोष्टीत मात्र अशी पाणबुडी नव्हती. तिथं होती आयएनएस राजपूत, दुसऱ्या महायुद्धातली एक जुनी विनाशिका.

विनाशिका म्हणजे वेगवान युद्धनौका. मोठ्या जहाजांना सोबत करायची आणि शत्रूच्या पाणबुड्या हुडकायच्या, हे तिचं मुख्य काम.

राजपूतचं मूळ नाव एचएमएस रॉदरहॅम. १९४२ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधलेली ही विनाशिका ब्रिटिशांच्या ईस्टर्न फ्लीटसोबत हिंदी महासागरात फिरली. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या नौदल तळावर जपान्यांनी शरणागती पत्करली, तेव्हा ती तिथं होती.

१९४९ मध्ये भारतानं ब्रिटनकडून तीन विनाशिका घेतल्या आणि त्यांची नावं ठेवली राजपूत, रणजित आणि राणा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्या मोहिमेत विक्रांतच्या सोबतीला असणाऱ्या जहाजांत राजपूत होती.

मग आलं १९७१.

पाकिस्तानची नजर होती विक्रांतवर. हीच विक्रांत पुढं मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती. तिच्या एका बॉयलरला तडा गेल्यानं तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. १४ नोव्हेंबरला कराचीहून गाझी निघाली. गाझीसुद्धा महायुद्धाच्या काळातलीच, अमेरिकेची जुनी यूएसएस डायब्लो. पाकिस्तानला ती १९६४ मध्ये मिळाली होती.

पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी डाव टाकला. विक्रांतला गुपचूप अंदमानकडं लपवलं आणि विशाखापट्टणमजवळ राजपूतलाच विक्रांतचं सोंग दिलं. राजपूतवरून मोठ्या जहाजावर असतात तसे भरमसाट वायरलेस संदेश सुटू लागले. विशाखापट्टणममध्ये विमानवाहू जहाजाला पुरेल एवढ्या रेशनची ऑर्डर दिली. विक्रांतवरच्या खलाशानं घरी आईची तब्येत विचारलीय, असा साधा संदेशसुद्धा मुद्दाम पाठवला. कुणी कान लावून बसलंच असेल तर त्याला वाटावं, विक्रांत इथंच आहे.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. त्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग राजपूत घेऊन बंदराबाहेर निघाले. तोंडाशी पायलटला उतरवल्यावर पुढं पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली. इथं पाणबुडी असू शकते, असा अंदाज बांधून त्यांनी वेग वाढवला आणि दोन डेप्थ चार्ज टाकले. डेप्थ चार्ज म्हणजे ठरलेल्या खोलीवर गेल्यावर फुटणारा बॉम्ब. राजपूत पुढं निघून गेली. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात किनाऱ्याजवळ एवढा मोठा स्फोट झाला की शहरातल्या खिडक्यांची तावदानं हादरली.

पाणबुड्यांनी बुडी मारून पाहिलं तर तळाशी गाझी होती. आतले ९० हून जास्त लोक गेले होते. एकही वाचला नाही.

आता वादाचा मुद्दा. गाझी राजपूतच्या डेप्थ चार्जमुळं बुडाली, असं भारतीय नौदल सांगतं. पाकिस्तान म्हणतं, आतल्या अपघातानं किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगानं बुडाली. पुढचा भाग आतून बाहेर फाटलेला होता, त्यामुळं आतल्या टॉर्पेडो-सुरुंगांचा स्फोट झाला असावा असंही अनेक अभ्यासक मानतात. पण तो कशामुळं झाला, यावर एकमत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की. ४ डिसेंबरपासून विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले केले आणि तिच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. म्हणजे गाझी कुणी बुडवली हा वाद कसाही सुटो, विक्रांतला वाचवायचं राजपूतचं काम त्याआधीच झालं होतं.

१९७६ मध्ये राजपूत भंगारात गेली. तिचं नाव पुढं सोव्हिएत बांधणीच्या नव्या विनाशिकेला मिळालं. तीही २०२१ मध्ये निवृत्त झाली, आणि तिचा निरोप समारंभ झाला तो विशाखापट्टणममध्येच.