दिवाळीनंतरचं अर्धं पुस्तक

"ताई, दिवाळीनंतर शाळेत असं वेगळं काय शिकवतात हो? आमची पोर तर आत्ताच वाचायला लागली."

चिंचपाड्याला भेटलेल्या एका आईचा हा प्रश्न. लेक तिसरीत. घरात बांधाबांध चाललेली. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येणार आणि नवरा-बायकोचा 'कोयता' ऊसतोडीला बारडोलीकडे निघणार. उचल आधीच घेतलेली. लेकीलाही न्यायचं, कारण फडात धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवंच ना!

प्रश्न साधा, पण मला चटकन उत्तर देता आलं नाही. मैत्रिणींनो, आपल्याला तरी कुठे येतं? मुलांची श्रेणी आपण बघतो, शेजारणीच्या मुलाशी तुलनाही करतो. पण वर्षभरात त्यानं नेमकं काय शिकायचं असतं, हे किती जणी विचारतो?

म्हणून मग तिच्या ओट्यावर बसून पोरीचं दप्तरच उघडलं.

आधी गणित. पहिलीत गणिताची सुरुवात मोजण्यापासून होते. चिंचपाडा नावाच्या गावात चिंचोक्यांना काय तोटा! दहा चिंचोक्यांची एक पुडी म्हणजे दशक, सुटे ते एकक. हे हातात बसलं की दुसरीत हातचा कळतो. नऊ आणि चार तेरा झाले की एक पुडी बांधायची आणि शेजारच्या घरात ठेवायची, एवढंच तर आहे ते. तिसरीत दिवाळीपर्यंत मोठ्या संख्या, हातच्याची बेरीज-वजाबाकी. पुढे गुणाकार आणि बहुतेक शाळांत त्याच्या मागून भागाकार. म्हणजे तिच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे : दिवाळीनंतर वाटणी शिकवतात. बारा भाकरी चौघांत कशा वाटायच्या हे पोरीला घरीच येतं, पण ते पाटीवर मांडणं शाळेत शिकायचं असतं. ते राहिलं की चौथीतला मोठा भागाकार अडतो, पाचवीत अपूर्णांक अडतात. मग सगळे म्हणतात, पोरीला गणितात डोकंच नाही!

इथं एक आठवलं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विनोद काय, चर्चा काय! गणितज्ञ मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्षा होत्या. खरं सांगायचं तर मीही तेव्हा हसले होते. पण ज्या मुलाच्या घरी मराठी बोलतच नाहीत, त्यानं 'एकवीस' ऐकताना एक आधी ऐकायचा आणि लिहिताना मात्र दोन आधी लिहायचा. चिंचपाड्यात बसून बघितलं की हसू येत नाही.

भाषेचं तर वेगळंच. नवापूर भागात घरोघरी मावची नाहीतर कोकणी बोलतात. याहामोगी देवीच्या नावातलं 'याहा' म्हणजे आई. पहिलीच्या पुस्तकात चित्राखाली लिहिलेलं असतं 'आई'. शहरातलं मूल तिथं फक्त अक्षर शिकतं, इथलं मूल अक्षर आणि शब्द दोन्ही शिकतं. वर इंग्रजी! २००० सालापासून तीही पहिलीपासूनच आहे.

मी पोरीला एक धडा वाचायला सांगितला. खडाखडा वाचला तिनं. "आता हेच आईला तुमच्या बोलीत सांग," म्हटलं, तर पोर गप्प. पानाकडे बघत राहिली. वाचता येणं आणि वाचलेलं समजणं यांत हे एवढं अंतर असतं, आणि तिसरीचं वर्ष ते अंतर तोडण्याचं. ही परीक्षा न शिकलेली आईसुद्धा चुलीपाशी बसून घेऊ शकते, बरं का. पुस्तक हातात धरायचीही गरज नाही.

परिसर अभ्यासात मात्र पोरीचा चेहरा खुलला. तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघत आलं आहे. नंदुरबारचे सहा तालुके, तापी, सातपुडा, तोरणमाळ. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा. नकाशावर सुरत-भुसावळ रेल्वेच्या रेषेवरून तिचं बोट सरकत होतं. आपलं स्टेशन कुठं येईल, तेच शोधत होती ती.

आणि तिकडे, पडावावर? जवळ शाळा असलीच तर बहुधा गुजराती. अक्षरांवर शिरोरेघ नाही, 'क'चं वळण वेगळं. नुकतं कुठे मराठी वाचता येणाऱ्या मुलानं पुन्हा पाटी कोरी करायची. स्थलांतराच्या वेळी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून मुलाला तिकडच्या शाळेत बसवता येतं. पण पत्रक काही लिपी शिकवत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा ठरवली आहे. ऊसतोडीत त्यातले जवळजवळ निम्मे जातात. पूर्वी आठवीपर्यंत ढकलत नेत, तेव्हा हा खड्डा दिसत नसे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात.

पोर गावी राहावी म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे राहतं, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जेवणाची सोय होते. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात, असं कायदाच सांगतो. तेव्हा समितीतल्या बायांनी हा विषय दिवाळीनंतर नाही, पोळ्याच्या सुमारासच काढावा. गाडी दारात आल्यावर काही होत नाही.

त्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकीच्या वहीची मागची कोरी पानं एकेक करून उलटली, जणू मोजत होती.

"सासूकडे ठेवली असती हो," ती म्हणाली, "पण सासूला सांजच्याला दिसत नाही. आणि धाकट्याला तिकडे कोण घेईल?"

पोर तोवर अंगणात जाऊन चिंचोके वेचत होती.